संग्रहालयात शाळेच्या मुलांना डिजिटल बॅज द्यायचे तर कशासाठी आणि कसे?

शिलालेख (धागाकर्ता)

जिल्ह्याच्या गावातलं एक लहान संग्रहालय डोळ्यांसमोर आणा. दोन दालनं, आत नाणी, पितळी दिवे, थोडी शस्त्रं, एखादा ताम्रपट. अंगणात भिंतीला टेकवून ठेवलेले वीरगळ (लढताना मेलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेले दगड) आणि सतीशिळा. सहावी ते नववीच्या सहली येतात. एका वर्गाला जेमतेम पाऊण तास मिळतो. मुलं रांगेनं आत जातात, रांगेनं बाहेर येतात आणि शाळेच्या नोंदवहीत 'क्षेत्रभेट' पूर्ण होते.

अशा ठिकाणी डिजिटल बॅज सुरू करावेत का, यावर चर्चा हवी आहे. ज्यांनी नुसतं नाव ऐकलंय त्यांच्यासाठी: डिजिटल बॅज म्हणजे मोबाइलवर येणारं नुसतं गोल चित्र नाही. मोझिलाने 'ओपन बॅजेस' हे मानक तयार केलं, त्याची पहिली आवृत्ती 2013 मध्ये आली. चित्राच्या फाइलमध्येच माहिती भरलेली असते. बॅज कोणी दिला, कोणाला, कधी, काय करून दाखवल्यावर आणि त्याचा पुरावा कुठे आहे, हे सगळं त्यात असतं. त्यामुळे तो कोणालाही पडताळून पाहता येतो.

माझं मत आधीच सांगतो. 'भेट दिली' म्हणून बॅज देऊ नये, त्यासाठी तिकिटाचा तुकडा पुरेसा आहे. मुलाने वस्तू नीट पाहिली आणि त्यातून काही काढून दाखवलं, तरच द्यावा. पण मग निकष कसे लिहायचे, तपासायचं कोणी, तांत्रिक बाजू कशी सांभाळायची आणि दहा वर्षांनीही तो बॅज उघडेल याची सोय कशी करायची? जाणकारांनी तपशिलात लिहावं.

---

पाटीपेन्सिल

वेळ योग्य आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तराविना दिवसांची कल्पना आहे. त्या दिवशी मुलांनी काय केलं याचा दाखला शाळांना हवाच असतो.

कार्यपत्रिकेची मुख्य अडचण अशी की, ती हातात पडली की मुलं वस्तूकडे बघतच नाहीत. वस्तूखालची पाटी उतरवून काढतात, आणि एकीने उतरवलं की बाकीच्या तिच्या वहीतून. म्हणून ज्याचं उत्तर पाटीवर आहे तो प्रश्न बॅजसाठी विचारायचाच नाही. 'हा दिवा कोणत्या शतकातला?' बाद. त्याऐवजी 'तेल कुठून ओतत असतील? वाती किती लावता येतील? सगळ्यात जास्त झिजलेला भाग कोणता, आणि तोच का झिजला असेल?' असं विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दिव्यासमोर उभं राहिल्याशिवाय देता येत नाही.

---

तांबट

मी विरोधी बाजू मांडतो. संग्रहालय ही शाळा नसलेली जागा आहे, तेच तिचं बळ. तिथे बक्षीस आणलं की मुलं वस्तूसाठी नाही, बक्षिसासाठी पाहायला लागतात. 1973 चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. तीन ते पाच वर्षांच्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या मुलांना 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल' असं सांगून चित्रं काढायला लावली. प्रशस्तिपत्रकावर सोनेरी शिक्का आणि रिबीन. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांनी चित्रं काढण्यात बाकीच्यांच्या निम्माच वेळ घालवला. आवड होती, ती बक्षिसाने घटली. हेच तुमच्या दालनात होणार.

---

चौकट

तांबटराव, त्या प्रयोगात तीन गट होते, ते तिन्ही सांगायला हवेत. एका गटाला बक्षीस आधी जाहीर केलं होतं, दुसऱ्याला काही न सांगता चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्रक दिलं, तिसऱ्याला काहीच दिलं नाही. आवड घटली ती पहिल्या गटाची. न सांगता मिळालेल्यांची घटली नाही.

यातून बॅजसाठी दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, सहलीच्या सुरुवातीला 'आज बॅज मिळणार' अशी घोषणा करायची नाही. काम द्यायचं, तपासायचं, मग सांगायचं. दुसरी, बॅजवरची भाषा 'शाब्बास' या थाटाची नसावी, नेमकं काय जमलं ते सांगणारी असावी. 'उत्कृष्ट पाहुणा' यातून मुलाला स्वतःबद्दल काही कळत नाही. 'वीरगळाच्या चौकटी खालून वर वाचून प्रत्येकीचा पुरावा दाखवला' यातून कळतं.

---

तांबट

न सांगता दिलेलं पहिल्या तुकडीपुरतं चालेल. पुढच्या वर्षी आख्ख्या शाळेला ठाऊक असेल की तिथे बॅज मिळतो. मग?

---

चौकट

तेव्हा घोषणा टाळता येणार नाही, हे मान्य. म्हणून बॅज काम संपवल्यावर नाही, ठरलेल्या पातळीचं काम झाल्यावर द्यायचा. त्या प्रयोगात चित्र कसंही काढलं तरी प्रशस्तिपत्रक मिळणार होतं. आपल्याकडेही सगळ्या चाळीस जणांना सरसकट बॅज मिळायला लागले तर तुमचा आक्षेप शंभर टक्के खरा ठरेल.

---

परदेशस्थ

अमेरिकेतलं एक उदाहरण इथे बसतं. डॅलस म्युझियम ऑफ आर्टने जानेवारी 2013 मध्ये सर्वसाधारण प्रवेश मोफत केला आणि सोबत 'डीएमए फ्रेंड्स' नावाचं मोफत सदस्यत्व सुरू केलं. दालनांमध्ये आणि कार्यक्रमांना सांकेतिक क्रमांक लावलेले असत. ते नोंदवले की गुण मिळत, ठरावीक गुच्छ पूर्ण झाला की बॅज, आणि गुणांवर मोफत पार्किंगसारखे फायदे. लोक कोणत्या दालनात जातात, किती वेळा परत येतात, हे संग्रहालयाला त्यातून कळलं. त्या हेतूसाठी योजना चोख होती. मात्र क्रमांक नोंदवणं म्हणजे वस्तू समजणं नव्हे.

दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्याच स्मिथसोनियन या संग्रहालय-समूहाचे 'स्मिथसोनियन क्वेस्ट्स'. तिथे विद्यार्थ्याने एखादा शोध पूर्ण करून काम पाठवायचं, ते तपासलं जायचं, मगच बॅज. 2013 मध्येच शिकागोत 'समर ऑफ लर्निंग' झालं. त्यात शहरातली संग्रहालयं, ग्रंथालयं, बागा सगळ्यांनी एकाच पद्धतीचे बॅज दिले, म्हणजे एका मुलाचा उन्हाळाभरातला प्रवास एकत्र दिसायचा. आपल्याकडे असं करायचं तर एकट्या संग्रहालयापेक्षा तालुक्यातलं वाचनालय आणि संग्रहालय मिळून करणं जास्त अर्थपूर्ण.

---

सुपारी

सहलीतल्या मुलांना विचाराल तर बॅजऐवजी वडापाव मागतील, आणि तो पडताळणी न करता चालतो. :)

---

रानवाटा

अंगणात वीरगळ आहेत म्हणताय, तर पहिला बॅज त्यांचाच करा. नाणी काचेआड आणि बारीक. वीरगळ मोठे, उघड्यावर, एका वेळी दहा मुलं भोवती उभी राहू शकतात, आणि त्यांना वाचायची स्वतःची रीत आहे. ती पाऊण तासात शिकता येते आणि पुढे गावोगावच्या देवळाबाहेर आयुष्यभर वापरता येते. असं कौशल्य बॅजसाठी सगळ्यात चांगलं.

वीरगळ खालून वर वाचतात. सगळ्यात खालच्या चौकटीत मरण कसं आलं ते असतं. गायी कोरल्या असतील तर गोधन राखताना, होड्या असतील तर पाण्यावरच्या लढाईत. बोरिवलीतल्या एकसरच्या वीरगळांवर असं नौकायुद्ध आहे. त्याच्या वर अप्सरा वीराला स्वर्गात नेतात. त्याच्याही वर तो बहुधा शिवलिंगाची पूजा करताना दिसतो. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहील, आणि बऱ्याचदा कलश. मुलं चित्रकथेच्या सवयीने वरून सुरू करतात आणि गोष्ट उलटी सांगतात. ही चूक होऊ द्यायची. दोन-तीन गटांनी गोष्ट उलटी सांगितली की 'मेलेला माणूस आधी पूजा आणि मग लढाई कशी करेल?' एवढंच विचारायचं. मग मुलं आपणच दिशा बदलतात.

कामाची आखणी (चाळीस मुलं, चार-चारचे दहा गट, दोन तपासनीस):

पहिली पाच मिनिटं न बोलता पाहणं. कागद-पेन्सिल खिशात.
मग दहा मिनिटं रेखाटन. चित्र सुंदर नको, चौकटी किती, प्रत्येकीत माणसं-प्राणी किती, कोण कुठे तोंड करून आहे, एवढं हवं.
दहा मिनिटं गटात बोलणं.
शेवटची वीस मिनिटं तोंडी सांगणं. प्रत्येक तपासनिसाकडे पाच गट, गटाला चार मिनिटं, मुलाला एक मिनिट. कोण कोणत्या चौकटीबद्दल सांगणार हे चिठ्ठी टाकून ठरवायचं, नाहीतर एकच बोलतो आणि तिघं माना डोलावतात.

निकष चार. एक, क्रम खालून वर लावला. दोन, प्रत्येक विधानाला दगडावरचा पुरावा बोटाने दाखवला (स्पर्श न करता). तीन, झिजल्यामुळे जे कळत नाही ते 'कळत नाही' असं सांगितलं, ठोकून दिलं नाही. चार, शेजारच्या वीरगळाशी एक फरक सांगितला. दुसरा निकष अनिवार्य, बाकी तिनांतले दोन.

तिसरा निकष मुद्दाम ठेवलाय. झिजलेल्या चौकटीबद्दल 'माहीत नाही' म्हणणाऱ्या मुलाला परीक्षेत शून्य मिळतं. इथे त्याचे गुण मिळायला हवेत.

झिजलेलं वाचायला टॉर्च वापरा, पण समोरून मारू नका, सगळं सपाट दिसतं. कडेने, दगडाला जवळजवळ समांतर धरला की उठाव सावल्यांनी उठून येतो. मोकळ्यावर हेच काम सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन करतं, म्हणून दुपारी बाराची सहल या कामाला वाईट. आणि रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू, चुना, तेल काहीही दगडाला लावायचं नाही. फोटोसाठी लोक सर्रास खडू फिरवतात. हा नियम मोडणाऱ्या गटाला त्या दिवशी बॅज नाही, हे निकषातच लिहा.

---

पणजीकर

वा रानवाटा! गोव्यातही जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात वीरगळ आणि सतीशिळा आहेत, आणि जहाजं कोरलेले कदंबकालीन वीरगळ गोव्याची खासियत. तुमचा हा बॅज शब्दही न बदलता तिथे चालेल. अशा वेळी दोन संस्थांनी एकच निकष वापरून आपापल्या नावाने द्यावा. मुलाने चौकटींची रीत एका ठिकाणी शिकली आणि दुसऱ्या ठिकाणी वापरून दाखवली तर दुसऱ्या पातळीचा बॅज. 'शिकलं' हे तेव्हा खऱ्या अर्थाने कळतं.

---

पाटीपेन्सिल

मुलाला एक मिनिट हे कागदावर ठीक आहे. लाजरी मुलं पहिलं अर्धं मिनिट गप्प असतात. त्यांच्यासाठी तपासनिसाने तीन ठरलेले प्रश्न तयार ठेवावेत: इथे काय चाललंय? हे कशावरून म्हणतेस? अजून काय दिसतं? 'व्हिज्युअल थिंकिंग स्ट्रॅटेजीज' पद्धतीतले हेच तीन प्रश्न आहेत. त्यात दुसरा सगळ्यात महत्त्वाचा, आणि घाईत नेमका तोच गळतो. बोलायला अडचण असलेल्या मुलाला रेखाटनावर बाण काढून उत्तर द्यायची मुभा हवी. दृष्टिहीन मुलांसाठी एका वीरगळाची प्रतिकृती ठेवा, तिथे 'स्पर्श न करता' ही अट लागू नाही.

---

विदागार

आता तांत्रिक बाजू. बॅजच्या तीन थरांची नीट ओळख असली की बहुतेक चुका टळतात: देणारी संस्था, बॅजची व्याख्या (नाव, वर्णन, निकष, चित्र) आणि प्रत्यक्ष प्रदान (कोणाला, कधी, पुरावा). तिन्ही म्हणजे जेसन फाइली (संगणकाला वाचता येईल अशा साच्यातला साधा मजकूर). त्या इंटरनेटवर ठेवायच्या आणि प्रदानाचा पत्ता पीएनजी चित्रात भरायचा. याला 'बेकिंग' म्हणतात. पीएनजीतला 'आयटीएक्सटी' नावाचा कप्पा यासाठी वापरतात. तो यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या सामावणारी अक्षरसंकेत पद्धत) मानतो, त्यामुळे मराठी मजकूर बिनधोक राहतो.

काय बिघडतं ते सांगतो.

सगळ्यात मोठं संकट व्हॉट्सॲप. बॅजचं चित्र पालकांना 'फोटो' म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून जेपीईजी करतं आणि आत भरलेली माहिती नाहीशी होते. उरतं ते नुसतं चित्र. फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर सरळ पडताळणीची लिंक पाठवा. मी लिंकच सुचवेन, कारण पुढे कोणीतरी फोटो म्हणून फॉरवर्ड करणारच.

दुसरं, डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नोंदवलेलं नाव. ओपन बॅजेसच्या 2.0 आवृत्तीत पडताळणी करणारा मूळ पत्त्यावर जाऊन फाइल पाहतो. डोमेनचं नूतनीकरण चुकलं किंवा नवी वेबसाइट करताना जुने पत्ते मोडले की दिलेले सगळे बॅज एका दिवसात खोटे ठरतात. बॅजसाठी वेगळा, साधा पत्ता ठेवा. तो वेबसाइटच्या रंगरंगोटीपासून लांब असावा. फाइली स्थिर ठेवा, डेटाबेसमागे नको.

तिसरं, संस्थेची फाइल एका डोमेनवर आणि प्रदानाची दुसऱ्यावर असेल तर पडताळणी नापास होते. संस्थेच्या फाइलमध्ये दुसरं डोमेन मान्य असल्याचं लिहावं लागतं.

चौथं, बॅज रद्द करायचा तर फाइल पुसू नका. पुसली तर '404' येतो, म्हणजे 'सापडलं नाही', आणि पाहणाऱ्याला वाटतं सर्व्हर बंद आहे. '410', म्हणजे 'मुद्दाम काढलं आहे', पाठवा आणि आत 'रद्द' अशी नोंद ठेवा.

प्रोग्रामर नसेल तर मूडल ही ऑनलाइन शिक्षणाची मोफत प्रणाली वापरा. 2013 च्या 2.5 आवृत्तीपासून त्यात बॅज देण्याची सोय आहे. निकषात 'विशिष्ट भूमिकेच्या माणसाने हाताने दिला' हा पर्याय असतो. संग्रहालयासाठी तोच हवा.

---

नाणेघाट

मोझिलाकडे बॅज ठेवायची 'बॅकपॅक' होती ना? तिथेच ठेवले तर?

---

विदागार

ती राहिली नाही. मानक 2017 मध्ये आयएमएस ग्लोबल या मानकं सांभाळणाऱ्या संस्थेकडे गेलं (2022 पासून त्या संस्थेचं नाव वनएडटेक), आणि पुढे मोझिलाने बॅकपॅक बंद करून लोकांचे बॅज 'बॅजर' या सेवेकडे वळवले. नंतर बॅजरही दुसऱ्या कंपनीने घेतली आणि नाव बदललं. मानक टिकलं, साठवणीची जागा बदलत राहिली. म्हणून बॅज कोणाच्याही सेवेतून द्या, पण वर्षातून एकदा सगळे बेक केलेले पीएनजी आणि जेसन उतरवून संग्रहालयाच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा.

नवी 3.0 आवृत्ती 'व्हेरिफायेबल क्रेडेन्शियल्स' या पडताळता येणाऱ्या डिजिटल दाखल्यांच्या मानकावर बेतलेली आहे. त्यात प्रदानावर डिजिटल सही असते, त्यामुळे प्रत्येक बॅजची फाइल कायम इंटरनेटवर ठेवण्याची गरज नाही. मात्र सहीची किल्ली कुठे प्रसिद्ध केली आहे यावर सगळं ठरतं. ती डोमेनवरच असेल तर डोमेनची काळजी सुटत नाही.

---

कलमदान

बॅज कोणाच्या नावाने देणार, यावर कोणी बोललं नाही. मुलांना ईमेल नसतो. बहुतेक सेवा ईमेल धरूनच चालतात. पालकांचा ईमेल घ्यायचा तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 वाचा. त्यात 18 वर्षांखालचं कोणीही 'बालक' आहे, पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनाचा माग ठेवायला बंदी आहे. नियमांत शैक्षणिक संस्थांसाठी काही सवलती आहेत, पण त्या संग्रहालयाला आपोआप लागू होतात असं धरू नका.

व्यवहारात करायचं असं: शाळा सहलीचं संमतीपत्र पाठवतेच. त्याच कागदावर बॅजसाठी वेगळा रकाना आणि वेगळी सही घ्या. एकाच सहीत दोन्ही गुंडाळू नका. सहलीला हो आणि बॅजला नाही म्हणणारे पालक असतात, त्यांच्या मुलाने काम करावं, तपासून घ्यावं, फक्त ऑनलाइन नोंद नको. पुराव्याच्या फोटोत रेखाटन दिसावं, चेहरा नको. तोंडी उत्तराचं ध्वनिमुद्रण ठेवायचं असेल तर नाव घेऊ देऊ नका.

---

विदागार

कलमदान यांना पूर्ण पाठिंबा. ईमेल उघडा न ठेवता त्याचा एसएचए-256 हॅश (ज्यावरून मूळ पत्ता परत काढता येत नाही असा सांकेतिक ठसा) ठेवता येतो, सोबत 'सॉल्ट' म्हणून काही अक्षरं जोडून. इथे फसतं ते असं: नोंद करताना पत्त्यात एक अक्षर कॅपिटल पडलं किंवा शेवटी मोकळी जागा राहिली की हॅश पूर्ण वेगळा येतो आणि पालकाला 'हा बॅज तुमचा नाही' असं दिसतं. हॅश करण्याआधी सगळी अक्षरं लहान करा आणि कडेच्या मोकळ्या जागा छाटा.

आणि वैयक्तिक माहितीच नको असेल तर बॅज शाळेला द्या. बॅज घेणारा म्हणून शाळेच्या वेबसाइटचा पत्ता देता येतो. 'या वर्गातल्या इतक्या मुलांनी निकष पूर्ण केले' एवढंच लिहायचं. मुलांच्या नावाची कागदी यादी शाळेकडे.

---

जीपीएस

एवढा व्याप कशाला? प्रत्येक वस्तूजवळ क्यूआर लावा, स्कॅन केला की बॅज. तपासनीसही नको.

---

चौकट

क्यूआरचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर गेला की सगळ्यांना घरबसल्या बॅज. त्यातून फोन असलेल्या मुलालाच मिळणार, आणि सहलीत फोन आणू न देणाऱ्या शाळा बऱ्याच. शिवाय जुन्या वाड्यात किंवा दगडी इमारतीत जाड भिंतींमुळे आत नेटवर्क मिळत नाही. क्यूआर हवाच असेल तर प्रश्न उघडण्यापुरता ठेवा, बॅज उघडण्यासाठी नको. काम कागदावर, नोंद संध्याकाळी कार्यालयातल्या संगणकावर.

---

जीपीएस

नेटवर्कचा मुद्दा लक्षात आला नव्हता. कागदच बरा.

---

अभिरक्षक

मुलांचं चाललंय ते छान, पण बॅजचा सगळ्यात खणखणीत उपयोग स्वयंसेवकांसाठी आहे. ज्या कौशल्यात चुकलं तर वस्तू फुटते, तिथे 'हे यांना येतं' असा दाखला खरोखर उपयोगी पडतो. 'वस्तू हाताळणी' हा बॅज घ्या. वस्तू उचलण्याआधी ती ठेवायची जागा मोकळी आणि गादी घातलेली आहे ना ते पाहणं. अंगठी, घड्याळ, ओळखपत्राची दोरी काढणं. भांडं कानाला किंवा काठाला न धरता एक हात तळाखाली, एक बाजूला. एका वेळी एकच वस्तू. जुनी दुरुस्ती कुठे आहे हे आधी शोधणं, कारण चिकटवलेला सांधाच सुटतो. हे प्रत्यक्ष करताना पाहून, वेगवेगळ्या तीन वस्तूंवर, मगच बॅज. आणि मुदत दोन वर्षं. प्रदानाच्या फाइलमध्ये मुदत संपण्याची तारीख लिहायची सोय असते, ती वापरा. वापर नसलेलं कौशल्य गंजतं.

---

सुपारी

आणि पांढरे सुती हातमोजे?

---

अभिरक्षक

धातूला नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे. सुती मोज्यातून घाम झिरपतो, धागे अडकतात, गुळगुळीत वस्तू निसटते. पोथीला आणि सुट्या कागदाला स्वच्छ धुतलेले, कोरडे, उघडे हात. मोज्यांनी पानाची कड जाणवत नाही आणि ती फाटते. जुने फोटो मात्र मोजे घालूनच, बोटांचे ठसे त्यावर कायमचे बसतात.

---

पोथीपान

पोथीला उघडे हात हे ऐकून अंगावर काटा येतो, पण कारण पटलं. हात धुऊन क्रीम लावायचं नाही, हेही जोडा.

---

वेलांटी

चित्राबद्दल कोणी बोललं नाही. बॅज मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो. देवनागरीत जोडाक्षरं आणि वेलांट्या त्या आकारात एकमेकांत मिसळून काळा डाग होतो. चित्रावर जास्तीत जास्त एक शब्द, तोही जाड वळणाचा, किंवा अजिबात नाही. नाव फाइलमध्ये असतंच, आणि भाषेच्या जागी मराठीचा संकेत भरला की वाचणाऱ्या प्रणालीलाही कळतं.

चौरस, 512 बाय 512 पिक्सेल, पारदर्शक पार्श्वभूमी, फाइल 256 केबीच्या आत. वर्ष चित्रावर घालू नका, दरवर्षी नवं चित्र करावं लागेल. वीरगळाच्या बॅजला तीन आडव्या चौकटी आणि माथ्यावर चंद्र-सूर्य एवढी बाह्यरेषा पुरे. अप्सरा कोरायला जाऊ नका. आणि शाळेत काळ्या-पांढऱ्या छापयंत्रावर काढून पाहा, तिथे ओळखू आला तर चित्र पास.

---

काठपदर

एक वेगळा मुद्दा. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट ग्रेड परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात. तसे या बॅजचेही मिळायला हवेत, तरच शाळा मनावर घेतील.

---

तांबट

तेवढं करू नका, कळकळीची विनंती! गुण जोडले की दुसऱ्या महिन्यात क्लास निघतील आणि 'वीरगळ : पंधरा अपेक्षित प्रश्न' अशी पुस्तिका. रानवाटांचा तिसरा निकष, 'कळत नाही' म्हणण्याचा, पहिल्यांदा तोच मरेल. कळत नाही हे वाक्यसुद्धा पाठ करून म्हणतील.

---

काठपदर

गुण नकोत, ठीक. पण मग शाळेला त्याचं काय?

---

पाटीपेन्सिल

शिक्षकाला वर्णनात्मक नोंदी लिहायला नेमकी वाक्यं मिळतात. 'निरीक्षणशक्ती चांगली' असं प्रत्येकापुढे लिहिण्यापेक्षा 'पुरावा दाखवून विधान करते. तुलना अजून जमत नाही' हे बॅजच्या तपासणीतून आयतं हाती येतं. त्यासाठी ज्यांना बॅज मिळाला नाही त्यांचीही तपासणी शाळेला कळवा, आणि त्यांना पुन्हा यायची वाट मोकळी ठेवा, सुटीच्या दिवशी पालकांबरोबर.

एक सावधगिरी. ब्रिटनच्या संग्रहालयांनी वापरलेल्या 'जेनेरिक लर्निंग आउटकम्स'मध्ये शिकण्याचे पाच पैलू आहेत: ज्ञान, कौशल्यं, दृष्टिकोन, आनंद-प्रेरणा-सर्जन, आणि वर्तनातला बदल. बॅज पहिल्या दोहोंपुरता ठेवा. 'वारशाबद्दल आदर' याचा बॅज काढला तर मुलं आदर दाखवतील, तो आहे की नाही ते कोण तपासणार?

---

शिलालेख

इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. तांबटराव, तुमच्या आक्षेपांमुळे वाढीव गुण आणि सरसकट वाटप दोन्ही बाद झालं.

आधी एकच बॅज, वीरगळाचा, असं ठरतंय. स्वयंसेवकांचा हाताळणीचा त्यानंतर. एक प्रश्न उरला. दोन तपासनीस असतील तर एक सढळ आणि एक कडक, असं होणारच. आणि वर्षभराने निकष सुधारावेसे वाटले तर जुन्या बॅजचं काय?

---

रानवाटा

सुरू करण्याआधी दहा मुलांची तोंडी उत्तरं दोघांनी एकत्र ऐका, पण गुण एकमेकांना न दाखवता लिहा. मग ताडून पाहा. दहांपैकी दोनपेक्षा जास्त ठिकाणी निकाल वेगळा आला तर तपासनिसाला दोष देऊ नका, निकषाचं वाक्य ढिसाळ आहे. बहुधा 'पुरावा दाखवला' यावर फाटा फुटतो. एक जण 'लढतोय, तलवार आहे' हे पुरेसं धरतो, दुसरा तलवार कोणाच्या हातात ते विचारतो. मान्य उत्तर आणि अमान्य उत्तर अशी दोन-दोन उदाहरणं निकषाखालीच छापा. दर सहामाहीला पुन्हा ताडा.

---

विदागार

निकष बदलले तर जुन्या व्याख्येच्या फाइलला हात लावू नका. ती बदललीत तर आधीच्या मुलांनी न केलेलं काम त्यांच्या बॅजवर लिहिलं जाईल. नव्या पत्त्यावर नवी व्याख्या करा, नावापुढे '2' लावा आणि निकषांच्या जुन्या पानावर फक्त 'हा बॅज आता दिला जात नाही' एवढी ओळ आणि शेवटची तारीख टाका. आणि संस्थेच्या फाइलमध्ये संपर्काचा ईमेल अभिरक्षकाच्या नावाचा नको, पदाचा ठेवा. बदली झाली की वैयक्तिक पत्ता बंद होतो आणि पडताळणीच्या चौकशीला उत्तर द्यायला कोणी राहत नाही.